संरक्षणाचे कोटी आणि गावाचे दहा हजार: बायकांच्या आरोग्याचा पैसा गावापर्यंत कसा शोधायचा

बजेटच्या दिवशी, १ फेब्रुवारीची संध्याकाळ झाली की आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. एका बाजूला लढाऊ विमान, दुसऱ्या बाजूला पोटुशी बाई, खाली मोठा आकडा आणि तीन प्रश्नचिन्हं. एकदा मी तो बैठकीत मोठ्यानं वाचला. भिंतीला टेकून बसलेल्या एका काकू म्हणाल्या, "माझं लेकरू लडाखला हाय. त्याचे बूट कमी करून मला गोळ्या नको." बैठक तिथंच गार पडली.

काकूंचं बरोबर होतं, फॉरवर्डचं चुकलं होतं. मराठवाड्याला लष्कर परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली ती फौज आत आल्यावर, आणि 'पोलीस अ‍ॅक्शन' हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. इथं तोफ विरुद्ध गोळी असा सामना लावला की निम्मं गाव पहिल्याच वाक्याला उठून जातं. म्हणून तुलना सोडायची का? नाही. पण ती नीट करायची, आणि दिल्लीच्या आकड्यावर न थांबता आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या कॅशबुकापर्यंत उतरायचं. त्यासाठी एक वही, एक मोबाईल आणि चार-सहा महिन्यांची चिकाटी पुरते.

आधी चार आकडे एका पानावर लिहा

मी २०२५-२६ चं केंद्रीय बजेट धरते. तुम्ही चालू वर्षाचं घ्या, रीत तीच. सगळी कागदपत्रं सरकारच्या बजेटच्या संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीत फुकट मिळतात.

एकूण बजेट सुमारे ५०.६५ लाख कोटी. त्यात संरक्षण मंत्रालय ६,८१,२१० कोटी, आरोग्य मंत्रालय सुमारे ९९,८५९ कोटी, महिला व बालविकास मंत्रालय सुमारे २६,८९० कोटी.

लाख कोटी हा आकडा कुणाच्याच डोक्यात बसत नाही. मी तो माणशी करते. लोकसंख्या १४५ कोटी धरली तर संरक्षणावर माणशी वर्षाला सुमारे ४,७०० रुपये, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचे ६९० आणि महिला-बालविकासाचे १८५. दुसरी रीत दिवसांची. संरक्षणाचं बजेट दिवसाला सुमारे १,८६६ कोटी पडतं. म्हणजे महिला-बालविकासाच्या अख्ख्या वर्षाची रक्कम संरक्षणाच्या साधारण साडेचौदा दिवसांची झाली. हे गणित फळ्यावर बायकांकडूनच करून घ्या. स्वतः भागाकार केलेली बाई तो आकडा विसरत नाही.

आता त्याच आकड्यांवर शंका घ्या

ही पायरी गाळली की एखादा हुशार माणूस तुम्हाला ग्रामसभेत दोन मिनिटांत गप्प करतो. माझं झालंय तसं.

संरक्षणाचे सगळे पैसे तोफा-विमानांचे नसतात. ६,८१,२१० कोटींतले १,६०,७९५ कोटी निव्वळ पेन्शनचे आहेत, जवळपास चौथा हिस्सा. नवीन शस्त्रं, विमानं, जहाजं, बांधकाम यांच्या भांडवली खर्चाला १,८०,००० कोटी. उरलेला मोठा भाग पगार, रसद, दुरुस्ती, दारूगोळा. काकूंच्या लेकराचे बूट तिथंच आहेत. तुमच्या गावात माजी सैनिक असतील तर त्यांना बैठकीला बोलवाच. बजेटमधलं 'महसुली' आणि 'भांडवली' त्यांच्याइतकं सोपं कुणी सांगत नाही.

विमानाच्या कराराची पूर्ण किंमत घेऊन ती एका वर्षाच्या दवाखान्याच्या पैशाला लावणं ही फॉरवर्डवाल्यांची लाडकी चूक. नौदलासाठीच्या २६ राफेल विमानांचा एप्रिल २०२५ मधला करार सुमारे ६३,००० कोटींचा आहे, पण ते पैसे अनेक वर्षांत द्यायचे आहेत. वर्षाला वर्ष लावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण केंद्राच्या यादीत आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याच्या यादीत. म्हणून केंद्राच्या दोन मंत्रालयांची तुलना अर्धीच ठरते. घराच्या खर्चात धाकट्या भावाचा वाटा मोजला आणि थोरल्याचा सोडला, तशातली ही गत. खरी तुलना केंद्र, राज्य, स्थानिक संस्था सगळं मिळून करायची. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये सरकारचा सगळा मिळून आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि ते वर्ष कोरोनाचं होतं. २०२५-२६ चं संरक्षण बजेट साधारण १.९ टक्के आहे. म्हणजे फॉरवर्ड दाखवतो तशी सातपट दरी नाही, दोन्ही जवळजवळ शेजारी बसतात.

मग तक्रार संपली? मुळीच नाही, फक्त तिला नेमकी जागा मिळाली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं वचन दिलं होतं. राज्यांनी आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा, तोही २०२० पर्यंत, असं त्याच धोरणात लिहिलंय. त्याच २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के पैसा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. आमच्याकडं तो खिसा म्हणजे बहुतेक वेळा सावकार, नाहीतर मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराकडून आगाऊ घेतलेले पैसे. ग्रामसभेत 'लष्कराचे कमी करा' म्हटलं की भांडण लागतं. 'तुम्ही लिहून दिलेले अडीच टक्के कुठंयत' म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

'महिलांचं बजेट' हे नाव वाचून हुरळू नका

२००५-०६ पासून केंद्राच्या बजेटसोबत लिंगभाव विवरणपत्र, म्हणजे महिलांसाठीचा पैसा वेगळा दाखवणारा कागद, निघतं. २०२५-२६ मध्ये त्यात ४.४९ लाख कोटी दाखवलेत, एकूण बजेटच्या ८.८६ टक्के. आकडा दणदणीत आहे, पण आत डोकावा. पहिल्या भागात पूर्णपणे महिलांच्या योजना, दुसऱ्यात किमान ३० टक्के वाटा महिलांचा असलेल्या, तिसऱ्यात त्याहून कमी. घरकुल योजना वर्षानुवर्षं पहिल्या भागात शंभर टक्के महिलांची म्हणून मोजली गेली. घर बाईच्या नावावर असणं चांगलंच, पण त्यात सासरा, नवरा, पोरं सगळेच राहतात. म्हणून या पत्रातून मी फक्त तीन-चार ओळी उचलते: अंगणवाडी-पोषण, मातृवंदना (गरोदर बाईला रोख मदत), राष्ट्रीय आरोग्य अभियान. बाकीच्यात वेळ घालवू नये असं माझं मत.

राज्याच्या बजेटमध्ये उलटं चित्र दिसतं. महाराष्ट्रानं २०२५-२६ मध्ये लाडकी बहीण या एकाच योजनेला ३६,००० कोटी ठेवले. केंद्राच्या अख्ख्या महिला व बालविकास मंत्रालयापेक्षा जास्त! त्यामुळे 'बायकांना सरकार काहीच देत नाही' असं म्हणू नका, कुणी ऐकून घेणार नाही. दीड हजार हातात येतात आणि ते बाईच्या खात्यात येतात, ही छोटी गोष्ट नाही. पण त्या दीड हजारातून रात्री दोन वाजता तालुक्याला सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ उभा करता येत नाही. रोख आणि सेवा हे दोन रकाने वहीत वेगळे ठेवा.

तरतूद, वितरण, खर्च

सरकारी पैशाला तीन आकडे असतात आणि भाषणात नेहमी पहिलाच सांगतात. तरतूद म्हणजे कागदावर ठेवलेले. वितरित म्हणजे खाली सोडलेले. खर्च म्हणजे खरंच लागलेले. केंद्राच्या बजेटमध्येही तीन आकडे येतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. प्रत्यक्ष आकडा दोन वर्षं उशिरा छापला जातो, म्हणून यंदाच्या पुस्तकात दोन वर्षांपूर्वीचा खरा खर्च बघा. महाराष्ट्रासाठी 'बीम्स' ही सरकारी प्रणाली आहे. तिथं विभाग आणि लेखाशीर्षानुसार (खर्चाच्या सरकारी खात्यानुसार) तरतूद आणि खर्च दिसतो. मोबाईलवर ती नीट उघडत नाही. तालुक्याच्या सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामांच्या केंद्रावर) बसा.

एका बैठकीत आमच्यातल्या एका मावशींनी हे सगळं ऐकून विचारलं, "ताई, पैसे नव्हते का पैसे आलेच नव्हते, ते आधी सांगा." मला वर्षभर लागलं होतं ते त्यांनी एका वाक्यात पकडलं. कमी तरतुदीचं भांडण मुंबई-दिल्लीशी असतं, न सोडलेल्या पैशाचं जिल्ह्याशी, आणि येऊन न लागलेल्या पैशाचं आपल्याच गावाशी.

जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती बघा. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, आणि जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासाला राखून ठेवायचा आहे. नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारायचं: ३ टक्के म्हणजे यंदा किती रुपये, आणि कोणत्या कामांना दिले?

गावातल्या तीन पेट्या

आता खरं काम. बायकांच्या आरोग्याला लावता येईल असा पैसा गावपातळीवर तीन ठिकाणी असतो.

पहिली पेटी ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीची. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून गावाला वर्षाला साधारण १०,००० रुपये अबंधित निधी मिळतो. अबंधित म्हणजे कशावर लावायचा ते समितीनं ठरवायचं. पंचायतीतली व्यक्ती अध्यक्ष, अंगणवाडी सेविका किंवा आशाताई सचिव. समितीत आपण आहोत हेच ठाऊक नसलेल्या बायका मला किमान तीन गावांत भेटल्या. पासबुक बघताना एक लक्षात ठेवा: २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्यातल्या मध्यवर्ती खात्यात राहतो आणि खाली खर्चाची मर्यादा सोडली जाते. पासबुकात शून्य दिसलं म्हणून पैसा खाल्ला असं नसतं. 'यंदा मर्यादा किती सोडली आणि कधी' असं विचारा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोडली असेल तर समिती तरी काय करणार? आणि पहिला राग आशाताईवर काढू नका. तिचा स्वतःचा मोबदलाही असाच लटकलेला असतो.

दुसरी पेटी प्राथमिक आरोग्य केंद्राची. तिथं रुग्ण कल्याण समिती असते. अबंधित निधी, वार्षिक देखभाल आणि समितीचा निधी धरून अभियानाच्या नियमानुसार केंद्राला वर्षाला साधारण पावणेदोन लाख येऊ शकतात. प्रसूतीच्या खोलीतला नळ, इन्व्हर्टरची बॅटरी, बाईसोबत आलेल्या माणसाला बसायला बाक हे सगळं यात बसतं. मैदानी भागात एका केंद्रामागं ३०,००० लोकसंख्या धरलेली असते, म्हणजे माणशी सहा रुपयेही होत नाहीत. तेही वेळेत लागले तर फरक दिसतो.

तिसरी पेटी ग्रामपंचायतीची, आणि मला तीच सगळ्यात कामाची वाटते. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं मिळून चार लाख जमले तर चाळीस हजार. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेब) दोन नमुने मागा: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही. पहिल्यात दहा टक्के लिहिलेले असतात. दुसऱ्यात ते कशावर गेले ते कळतं. बहुतेक ठिकाणी खुर्च्या, रंगकाम आणि ८ मार्चची साडी-ओटी सापडते. साडीला माझा विरोध नाही, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. चाळीस हजारांत हिमोग्लोबिन तपासायचं छोटं यंत्र आणि पट्ट्या येतात.

माहितीचा अर्ज

हे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात. माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून परत आला, कारण मी त्यात आरोग्य, अंगणवाडी, घरकुल, रस्ता सगळं कोंबलं होतं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'जोडपत्र अ' चा नमुना घ्या, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला शुल्क नाही), आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. 'का' असं विचारू नका. कायदा नोंदी देतो, कारणं देत नाही. मजकूर असा चालतो:

"प्राथमिक आरोग्य केंद्र ______ व त्याअंतर्गत उपकेंद्र ______ यांना दि. १ एप्रिल ____ ते ३१ मार्च ____ या कालावधीत प्राप्त अबंधित निधी, वार्षिक देखभाल निधी व रुग्ण कल्याण समिती निधीबाबत: (१) मंजूर, वितरित व खर्च रक्कम, तारखेसह, (२) रोकडवहीच्या संबंधित पानांच्या छायाप्रती, (३) रुग्ण कल्याण समितीच्या सभांची इतिवृत्ते, (४) सादर केलेली उपयोगिता प्रमाणपत्रे."

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, 'जोडपत्र ब', २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं. प्रतीला पानामागं २ रुपये लागतात. पानं खूप असतील तर आधी कागद बघायची परवानगी मागा आणि हव्या तेवढ्याच प्रती घ्या. अर्ज एकटीच्या नावानं नको. गटातल्या तिघीचौघींनी वेगवेगळ्या केंद्रांना करा.

कागद आणि बाई समोरासमोर

कागदावर खर्च झाला म्हणजे बाईला मिळालं असं नसतं. गेल्या सहा महिन्यांत सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या दहा जणींकडं जा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी फुकट आहे. साध्या प्रसूतीला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस जेवण. प्रत्येकीला चारच प्रश्न: गाडीला पैसे दिले का? औषध बाहेरून आणलं का? सोनोग्राफी कुठं केली, किती लागले? जेवण दवाखान्याचं की घरचं? दहाजणींचे आकडे माहितीच्या अधिकारात आलेल्या कागदाशेजारी ठेवले की बोलायला लागत नाही.

अंगणवाडीचंही असंच. गरोदर आणि स्तनदा मातेच्या पूरक आहाराचा २०१७ मध्ये ठरलेला दर दिवसाला ९ रुपये ५० पैसे. पाकिटातला माल घरी आणून तराजूत टाका, मग त्या दरात काय येतं हे बाजारात विचारून या.

ही रीत मी शोधलेली नाही. २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांची लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा होता. गावात प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं, अशी पद्धत. त्या काळच्या बायका अजून गावांत आहेत. त्यांना शोधा.

ऊसतोडीच्या टोळीला जाणाऱ्या बायकांचा वेगळा रकाना

बीड, जालना, परभणी, धाराशिव पट्ट्यात राहात असाल तर हे वगळून चालणार नाही. दसऱ्यानंतर कोयता (ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं) निघतो आणि मार्च-एप्रिलला परत येतो. सेवेचा पैसा मात्र गावच्या रजिस्टरवर असतो. फडात असलेल्या गरोदर बाईची तपासणी, लोहाच्या लाल गोळ्या, आहार, सगळं इथं कागदावर राहतं. खाडा पडला तर दंड, म्हणून दुखणं अंगावर काढायचं, आणि मग कुणीतरी सांगतं की पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्याचं सर्वेक्षण आलं. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८०० हून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहातली एक. त्यानंतर खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बीडमध्ये सक्तीची झाली.

माझ्या मते संरक्षणाशी तुलनेचा सगळा वाद इथं थिटा पडतो. या बायकांसाठी लागणारा पैसा मोठा नव्हताच. फडाजवळ तपासणीची गाडी, पांढऱ्या पाण्याच्या त्रासाला वेळेत औषध, आणि एक खाडा माफ करणारा मुकादम एवढं पुरलं असतं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे आणि कारखान्यांकडून टनामागं १० रुपये त्याला मिळायचे आहेत. आपल्या टोळ्या ज्या कारखान्याला जातात त्यानं किती टन गाळप केलं आणि किती रुपये भरले, हा माहितीच्या अधिकारातला माझा आवडता प्रश्न आहे. यात गुणाकार दोन ओळींचा असतो आणि लपवायला जागा नसते.

निघण्याआधी तीन गोष्टी करून घ्या: माता-बाल संरक्षण कार्ड सोबत, अंगणवाडी सेविकेकडून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद, आणि रक्त तपासणी.

महिला सभेत ठराव

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती बऱ्याचदा सह्यांच्या वहीतच होते. आदल्या दिवशी वीस-पंचवीस जणींनी खरोखर जाऊन बसायचं. ठरावात भावना नको, रक्कम हवी: "१० टक्के निधीतील रु. ____ मधून हिमोग्लोबिन तपासणी यंत्र व पट्ट्या खरेदी करून ऊसतोड हंगामापूर्वी सर्व महिलांची तपासणी करावी." सूचक, अनुमोदक यांची नावं इतिवृत्तात आली का ते वाचून घ्या आणि नक्कल मागा. ही नक्कल तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, आमदाराला आणि खासदाराला पाठवा. खासदाराच्या पत्रात मात्र एक ओळ जादा: २.५ टक्क्यांचं वचन २०२५ ला पुरं व्हायचं होतं, लोकसभेत यावर प्रश्न विचाराल का?

वेळेचं गणित शेवटी सांगते, कारण तिथंच लोक चुकतात. कार्यालयांचे आठमाही अंदाज (आठ महिन्यांचा खर्च बघून केलेली सुधारित मागणी) नोव्हेंबर-डिसेंबरला वर जातात, त्यानंतर वाढीव मागणीला अर्थ राहात नाही. टोळ्या दसऱ्याला निघतात. अर्जाला ३० दिवस, पहिल्या अपिलाच्या निकालाला आणखी ३० ते ४५. म्हणजे माहितीचा अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडला पाहिजे. कोर्ट फी स्टॅम्प जूनमध्येच आणून ठेवा. तहसीलसमोरच्या स्टॅम्पवाल्याकडं नेमका दहाचा संपलेला असतो.